‘रीमेक’ हे क्रियापद कुठे चालतं, कुठे अडतं

मराठीत ‘रिमेक’ म्हटलं की डोळ्यांसमोर सिनेमा येतो. आपल्याकडे हा शब्द नाम म्हणून आला आणि सिनेमापाशीच थांबला. इंग्रजीत मात्र तो आधी क्रियापद आहे आणि सतराव्या शतकापासून, म्हणजे सिनेमाचा शोध लागण्याच्या कितीतरी आधीपासून वापरात आहे. अंथरूण, चष्म्याची काच, दातावरची कॅप, न्यायाधिकरणाचा निर्णय, अख्खा समाज, हे सगळं इंग्रजीत ‘रीमेक’ करता येतं. चूक, गृहपाठ, परीक्षा आणि फोन मात्र ‘रीमेक’ करता येत नाहीत. मराठी माणूस घसरतो तो इथेच, कारण या सगळ्यांसाठी आपल्याकडे एकच सोयीचा प्रयोग आहे: ‘परत करणे’.

सुरुवात या ‘परत’पासूनच करू. ‘पुस्तक परत दे’ यात ‘परत’ म्हणजे मागे आणि ‘परत सांग’ यात ‘परत’ म्हणजे पुन्हा. लॅटिनमधून आलेल्या ‘री’ या उपसर्गालाही नेमके हेच दोन अर्थ आहेत. ‘रिटर्न’, ‘रिट्रीट’ यांत तो ‘मागे’ या अर्थाने आहे. ‘रीमेक’, ‘रीराइट’, ‘रीबिल्ड’ यांत ‘पुन्हा’ या अर्थाने. म्हणजे उपसर्ग समजून घ्यायला मराठी माणसाला काहीच कष्ट नाहीत. अडचण पुढच्या अर्ध्या शब्दाची आहे. आपलं ‘करणे’ इंग्रजीत दोन क्रियापदांत वाटलं जातं, ‘डू’ आणि ‘मेक’. काम, अभ्यास, चाचणी, गणित यांना ‘डू’ लागतं. केक, खुर्ची, यादी, कपडा यांना ‘मेक’. जिथे पहिल्या वेळी ‘डू’ म्हणाला असता तिथे दुसऱ्या वेळी ‘रीडू’ म्हणा आणि जिथे ‘मेक’ म्हणाला असता तिथे ‘रीमेक’. दहापैकी सात-आठ ठिकाणी एवढ्यावर काम भागतं.

उरलेली ठिकाणं पाठच करावी लागतात. इंग्रजीत चूक ‘मेक’ होते, पण तीच चूक पुन्हा झाली तर ‘रिपीट’ होते: ‘ही रिपीटेड द मिस्टेक’. फोन ‘मेक’ होतो, पण पुन्हा लावला तर ‘कॉल्ड अगेन’, आणि आलेल्या फोनला उलट फोन केला तर ‘कॉल्ड बॅक’. वचन ‘मेक’ होतं, पुन्हा दिलं तर ‘रिन्यू’. पैसे ‘मेक’ होतात, पण गमावलेले पुन्हा मिळवले तर ‘मेड इट बॅक’. यामागे एक कारण दिसतं. ‘रीमेक’ला समोर एक वस्तू किंवा रचना लागते, जी एकदा तयार झाली होती आणि आता बाजूला सारून पुन्हा तयार होणार आहे. चूक किंवा फोन ही घटना आहे. घडून गेलेली घटना बाजूला सारून पुन्हा घडवता येत नाही, फक्त तिच्यासारखी दुसरी घडते. परीक्षेचं वेगळंच आहे: पुन्हा दिली तर ब्रिटिश वळणाने ‘रीसिट’ आणि अमेरिकन वळणाने ‘रीटेक’.

रूपं आणि उच्चार

रूपं ‘मेक’चीच राहतात: रीमेक, रीमेड, रीमेड, रीमेकिंग आणि एकवचनी कर्त्यासाठी रीमेक्स. ‘रीमेक्ड’ असं रूप नाही. उपसर्ग लागला म्हणून अनियमित क्रियापद नियमित होत नाही, हे लक्षात ठेवलं की शेजारचे शब्दही जागेवर येतात: रीडू–रीडिड–रीडन, रीराइट–रीरोट–रीरिटन, रीबिल्ड–रीबिल्ट–रीबिल्ट.

‘री’ दीर्घ आहे. मराठीत आपण ऱ्हस्व ‘रिमेक’ लिहितो ते लिहायला ठीक आहे, बोलताना मात्र ‘री’ लांबवायचा. आघात कुठे द्यायचा ते शब्द कोणत्या कामाला जुंपला आहे त्यावर ठरतं. नाम असेल तर आघात ‘री’वर, क्रियापद असेल तर ‘मेक’वर. ‘रेकॉर्ड’ या शब्दात हाच बदल जास्त ठळक ऐकू येतो.

मराठीतल्या ‘रिमेक केला’चं शब्दशः इंग्रजी करताना ‘दे डिड रीमेक द फिल्म’ असं वाक्य हमखास निघतं. व्याकरणाने ते चुकीचं नाही, पण त्याचा अर्थ ‘त्यांनी खरोखरच रिमेक केला हो’ असा होतो. कुणी शंका घेतली असेल आणि तिचं उत्तर द्यायचं असेल तेव्हाच हा ‘डिड’ शोभतो. साध्या विधानाला ‘दे रीमेड द फिल्म’ एवढं पुरे. नामच वापरायचं असेल तर ‘दे मेड अ रीमेक ऑफ द फिल्म’. नामानंतर ‘ऑफ’ येतो. ‘फ्रॉम’ नाही आणि ‘टू’ही नाही.

‘अगेन’ जोडायचा मोहही सांभाळायचा. ‘पुन्हा’ शब्दात आधीच आहे. ‘आय रीमेड इट अगेन’ म्हटलं की ऐकणाऱ्याच्या हिशेबात ही तिसरी खेप असते: एकदा केलं, एकदा पुन्हा केलं, आणि आता परत पुन्हा.

वाक्यात बसवताना

‘रीमेक’ला कर्म लागतंच. ‘वी विल रीमेक’ हे वाक्य अधांतरी राहतं. काय ते सांगावं लागतं. कर्म पुढे आणायचं असेल तर कर्मणी प्रयोग सरळ होतो: ‘द ऑर्डर वॉज रीमेड’, ‘द फिल्म वॉज रीमेड इन हिंदी’. भाषेसाठी ‘इन’ वापरायचं, ‘इंटू’ नाही; ‘इंटू हिंदी’ भाषांतर आणि डबिंग यांना लागतं. मूळ वस्तू दुसऱ्याच प्रकारची झाली तर ‘ॲज’ येतो: ‘रीमेड ॲज अ टीव्ही सीरीज’.

माणूस आणि समाज यांच्याबद्दल हे क्रियापद आलं की त्याला वजन चढतं. ‘शी रीमेड हरसेल्फ’ म्हणजे तिने स्वतःला नव्याने घडवलं. ‘द वॉर रीमेड द कंट्री’ म्हणजे युद्धाने देशाचा चेहरामोहरा बदलून टाकला. इथे मराठीत ‘पुन्हा बनवलं’ लिहिलं तर अर्थ मरतो. ‘नव्याने घडवणे’ हाच प्रतिशब्द घ्यावा. ‘रीमेक समथिंग इन युअर ओन इमेज’ हा प्रयोगही याच घरातला आहे, एखादी संस्था किंवा पक्ष आपल्या साच्यात ओतणे. रोजच्या बोलण्यात स्वतःबद्दल मात्र ‘रीइन्व्हेंट’ जास्त ऐकू येतं. ‘रीमेक’ लेखी आणि थोडं गंभीर वाटतं.

याच्या अगदी उलट टोकाला ‘रीमेक द बेड’ आहे. अंथरूण नीट घालणे म्हणजे ‘मेक द बेड’, आणि विस्कटलेलं पुन्हा नीट घालणे म्हणजे ‘रीमेक द बेड’. पलंग सुताराकडे जात नाही. हे न कळल्यामुळे वाचकाला वाक्य भलतंच वाटतं, म्हणून मुद्दाम सांगितलं.

जुन्यातलं काय उरतं?

‘पुन्हा तयार करणे’ या अर्थाची इंग्रजी क्रियापदं पुष्कळ आहेत. त्यांच्यातून एक निवडताना एकच प्रश्न खरा उपयोगी पडतो: मूळ वस्तूचं काय झालं? ती टाकली, दुरुस्त केली, जशीच्या तशी जागेवर आहे की कधीच नष्ट झाली? शब्दकोशातले प्रतिशब्द इथे फारसे कामाला येत नाहीत, कारण ‘पुनर्निर्मिती’ या एका शब्दात आपण हे सगळे प्रसंग कोंबतो.

एका वाटी सूपवर हे नीट दिसतं. सूप खारट झालं, ओतून दिलं आणि पहिल्यापासून दुसरं केलं: ‘आय रीमेड द सूप’. कुठेतरी खाल्लेलं सूप आठवून, चव जुळवत घरी केलं: ‘आय रीक्रिएटेड द सूप’. इथे मूळ सूप तुम्ही केलेलंच नव्हतं आणि ते आता समोरही नाही. तुमच्याकडे त्याची फक्त आठवण आहे. मोजमाप लिहून ठेवलं आणि प्रत्येक वेळी तीच चव, तोच दाटपणा आणला: ‘आय कॅन रीप्रड्यूस द रिझल्ट एव्हरी टाइम’. खारट सूप न टाकता त्यात पाणी आणि बटाटा घालून सावरलं तर वरीलपैकी एकही क्रियापद चालत नाही. ते फक्त ‘फिक्स्ड’. ‘रीमेक’ आणि ‘फिक्स’ यांच्यातली ही रेघ सर्वांत महत्त्वाची आहे. जुनं सुधारून वापरलं तर ‘रीमेक’ नाही.

‘रीबिल्ड’ बांधकामाचं आहे, पण जुनं पडलेलंच असलं पाहिजे अशी त्याची अट नाही. जपानमधलं इसे इथलं मोठं शिंतो मंदिर दर २० वर्षांनी शेजारच्या राखीव जागेवर नव्याने उभारतात. अलीकडे हे २०१३ साली झालं. मंदिर मोडकळीला आलेलं नसतं, तरी इंग्रजीत यालाही ‘रीबिल्ट’च म्हणतात. विश्वास, करिअर, आयुष्य, संघ यांनाही ‘रीबिल्ड’ लागतं, कारण ते वीट-वीट रचून हळूहळू उभं राहतं. ‘रीमेक ट्रस्ट’ असं कोणी म्हणत नाही.

‘रीकन्स्ट्रक्ट’मध्ये पुराव्यांवरून जुळवणी असते. दुसऱ्या महायुद्धात पोलंडची राजधानी वॉर्सा हिचा जुना भाग जमीनदोस्त झाला. तो पुन्हा उभारताना अठराव्या शतकातल्या बेर्नार्दो बेल्लोत्तो या चित्रकाराने काढलेल्या शहराच्या चित्रांचाही आधार घेतला गेला, आणि १९८० साली युनेस्कोने तो भाग जागतिक वारशाच्या यादीत घातला. नष्ट झालेली गोष्ट, हातात उरलेले दुवे आणि त्यांवरून केलेली उभारणी, या तिन्ही गोष्टी असतील तर ‘रीकन्स्ट्रक्ट’. म्हणूनच पोलीस तपासात घटनाक्रम जुळवतात त्याला ‘रीकन्स्ट्रक्ट’ म्हणणं जास्त नेमकं. तोच प्रसंग नाटकासारखा करून दाखवला तर ‘रीक्रिएट’ किंवा ‘रीएनॅक्ट’ म्हणतात.

‘रिस्टोअर’ मुळात ‘मागे’ या अर्थाचं आहे: वस्तू तीच, तिला पूर्वीच्या स्थितीत नेणं. जुनं तैलचित्र ‘रिस्टोअर’ करतात. तेच चित्र कोऱ्या कॅनव्हासवर पुन्हा काढलं तर ती प्रतिकृती होते.

‘रीप्रड्यूस’मध्ये मूळ जागेवर राहतं आणि त्यासारखं दुसरं तयार होतं: छापील प्रत, आवाज, प्रयोगाचा निकाल. याचं कर्म कधीही गाळू नका. कर्म नसलेलं ‘रीप्रड्यूस’ म्हणजे प्रजनन. सॉफ्टवेअर तपासणाऱ्यांना एखादा दोष, म्हणजे ‘बग’, पुन्हा घडवून पाहता आला नाही की ते घाईत ‘आय कुड नॉट रीप्रड्यूस’ एवढंच लिहितात. त्या वर्तुळात ते समजून घेतलं जातं, बाहेरच्या वाचकाला भलताच अर्थ लागतो. ‘आय कुड नॉट रीप्रड्यूस द बग’ असं पूर्ण लिहावं. दोष कळवताना ‘स्टेप्स टू रीप्रड्यूस’ या शीर्षकाखाली काय लिहायचं तेही पक्कं हवं: कोणती आवृत्ती, कोणतं उपकरण, क्रमाने केलेल्या कृती, काय व्हायला हवं होतं, काय झालं, आणि किती वेळा झालं. ‘समटाइम्स’पेक्षा ‘३ आउट ऑफ १० टाइम्स’ लिहिलं तर दुरुस्त करणाऱ्याला पकडायला धागा मिळतो.

विज्ञानात या शब्दाचा आणखी नेमका अर्थ ठरलेला आहे. अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमीज या विज्ञानसंस्थेने २०१९च्या अहवालात केलेल्या व्याख्येनुसार तोच डेटा, तीच गणनपद्धती आणि तोच कोड वापरून तोच निकाल मिळाला तर तो ‘रीप्रड्यूसिबल’. नवा डेटा गोळा करून त्याच प्रश्नाचं सुसंगत उत्तर आलं तर ‘रेप्लिकेबल’. सगळ्या शाखा ही विभागणी पाळत नाहीत, त्यामुळे शोधनिबंध लिहिताना तुम्ही कोणता अर्थ घेतला आहे ते एका वाक्यात सांगून टाकणं बरं.

सिनेमा आणि गेम

इथे शब्द सर्रास एकमेकांत मिसळतात. तीच कथा घेऊन नवं चित्रीकरण झालं तर ‘रीमेक’. मूळ दिग्दर्शक वेगळाच असला पाहिजे असं नाही: हिचकॉकने १९३४ सालचा स्वतःचाच ‘द मॅन हू न्यू टू मच’ १९५६ साली ‘रीमेक’ केला. जुन्याच चित्रीकरणाची प्रत स्वच्छ करून चित्र आणि आवाज सुधारले तर तो ‘रीमास्टर’. तिथे एकही दृश्य नव्याने घेतलेलं नसतं. ‘रीबूट’मध्ये पात्रं आणि त्यांचं जग ठेवून कथेची पाटी कोरी करतात. कादंबरीवरून सिनेमा झाला तर ते ‘ॲडॅप्टेशन’, आणि त्याच कादंबरीवर दुसऱ्या कोणी पुन्हा सिनेमा केला तर जाणकार दुसऱ्यालाही ‘ॲडॅप्टेशन’च म्हणणं पसंत करतात, कारण त्याचं मूळ पहिला सिनेमा नसून पुस्तक आहे. गेमच्या बाबतीत कसोटी सोपी आहे. चित्रं आणि प्रोग्रॅम नव्याने केले असतील तर रीमेक, जुनेच घासूनपुसून घेतले असतील तर रीमास्टर.

कारखाना, प्रयोगशाळा, न्यायालय

कामाच्या इंग्रजीत हा शब्द सैल वापरला तर पैशांचा वाद उभा राहतो. सदोष माल आला की पुढे तीन वाटा असतात. गुणवत्तेच्या आयएसओ ९००० या मानकात ‘रीवर्क’ म्हणजे सदोष वस्तूवर काम करून ती ठरलेल्या गरजांनुसार करणे. ‘रिपेअर’ म्हणजे ती ठरलेल्या कामापुरती चालेल अशी करणे, मग सगळ्या अटी पुऱ्या झाल्या नाहीत तरी. तिसरी वाट ‘रीमेक’, म्हणजे वस्तू टाकून देऊन नवी करणे. पुरवठादाराला ‘प्लीज रीवर्क’ लिहिलं तर तो तीच वस्तू घासूनपुसून परत पाठवेल, आणि शब्दशः पाहता तो चुकलेला नसेल. नवीच हवी असेल तर ‘रीमेक’ लिहा आणि जुनीचं काय करायचं तेही लिहा. दातांच्या आणि चष्म्याच्या प्रयोगशाळांत ‘रीमेक’ हे नाम रोजचं आहे: कॅप बसली नाही किंवा नंबर चुकला, तर ते काम ‘रीमेक’ म्हणून परत येतं.

कायद्यातलं उदाहरण फार बोलकं आहे. ब्रिटनच्या २००७च्या ट्रायब्युनल्स, कोर्ट्स अँड एन्फोर्समेंट ॲक्टच्या कलम १२ नुसार वरिष्ठ न्यायाधिकरणाने खालचा निर्णय रद्द केला, तर त्याच्यापुढे दोनच पर्याय उरतात: प्रकरण ‘रिमिट’ करणे, म्हणजे खाली परत पाठवणे, किंवा निर्णय ‘री-मेक’ करणे, म्हणजे स्वतः पुन्हा देणे. एकाच कलमात ‘परत’चे दोन्ही अर्थ शेजारी-शेजारी बसले आहेत. एरवी बोलताना निर्णय ‘रीमेक’ करत नाहीत, ‘रीकन्सिडर’ करतात.

जोडरेघ कधी हवी

‘रीमेक’ला जोडरेघ सहसा लागत नाही, वरच्या कायद्यात ती मुद्दाम ठेवलेली आहे. काही शेजारच्या शब्दांत मात्र ती गाळली तर अर्थच पालटतो. ‘रेक्रिएशन’ म्हणजे विरंगुळा आणि ‘री-क्रिएशन’ म्हणजे नव्याने निर्मिती. ‘रिकव्हर’ म्हणजे बरं होणं आणि ‘री-कव्हर’ म्हणजे सोफ्याला नवं कापड चढवणं. सर्वांत महागात पडणारी जोडी ‘रिझाइन’ आणि ‘री-साइन’ यांची. रोमन लिपीत दोन्हींची अक्षरं तीच. करार पुन्हा सही करतो असं कळवताना रेघ राहिली तर पत्राचा अर्थ राजीनामा होतो.

एक पत्र दुरुस्त करून पाहू

चष्म्याच्या काचा एकदा बदलून आल्या, तरी नंबर चुकलेलाच आहे. ग्राहक लिहितो: ‘द लेन्सेस वेअर रीमेक्ड, बट द सेम मिस्टेक वॉज रीमेड. प्लीज रीमेक द आय टेस्ट अँड रीक्रिएट द ग्लासेस अगेन.’

‘रीमेक्ड’चं ‘रीमेड’ करायचं. चूक ही घटना, म्हणून ‘रिपीटेड’. तपासणीला पहिल्या वेळी ‘डू’ लागतं, म्हणून ‘रीडू’. ‘रीक्रिएट’ काढून टाकायचं, कारण आठवणीतून काही उभं करायचं नाही, चुकलेली वस्तू टाकून तीच वस्तू नवी हवी आहे. ‘ग्लासेस’ म्हटलं की फ्रेमही आली, आणि फ्रेममध्ये दोष नाही, म्हणून ‘लेन्सेस’. ‘अगेन’ मात्र ठेवायचा, कारण काचा एकदा रीमेक होऊन आल्या आहेत आणि ही खरोखरच तिसरी खेप आहे.

‘द लेन्सेस वेअर रीमेड, बट द सेम मिस्टेक वॉज रिपीटेड. प्लीज रीडू द आय टेस्ट अँड रीमेक द लेन्सेस अगेन.’